खरवडलेलं नाव

आपलं नाव सांगायची लाज वाटेल असं काही आपल्या हातून होईल, हे वयाच्या पस्तिशीपर्यंत मला कधी वाटलं नव्हतं. मी तसा कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सौदी अरेबियात धाहरानला एका कंत्राटी कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर पाइपांचे आणि टाक्यांचे नकाशे काढायचे, आठवड्याला घरी एक पत्र टाकायचं, आंघोळ झाली की डोळे मिटून देवाचं स्मरण करायचं, असा माझा क्रम. आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पातली मुलं मला 'महाराज' म्हणून चिडवायची आणि ते चिडवणं मला मनातून आवडायचं, हेही आता कबूल करून टाकतो. आखाती युद्धाच्या त्या जानेवारीत मात्र सायरन वाजत असताना मी मनातल्या मनात देवापुढे उभा राहिलो आणि माझं स्वतःचं नाव काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. ते का अडलं आणि कसं सुटलं, ते जमेल तसं लिहितो आहे.

माझं गाव देवगड तालुक्यातलं. आमच्याकडे देवाला काही सांगायचं तर आपण स्वतः सांगत नाही. देवळात गुरव उभा राहतो आणि आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो. 'बा देवा म्हाराजा' अशी हाक देऊन तो सुरुवात करतो, मग आपलं नाव घेतो, बापाचं नाव घेतो, वाडी सांगतो आणि हे तुझं लेकरू काय अडचणीत आहे ते एकेक ओळ करून देवाच्या कानावर घालतो. प्रत्येक ओळीला मागे उभी असलेली सगळी माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. शेवटी 'काय चुकला माकला असात ता पोटात घाल' असं म्हटलं की काम झालं. लहानपणी मला वाटायचं की देवाला ऐकायला कमी येत असणार, म्हणून एवढे लोक लागतात.

हे सगळं मी धाहरानमध्ये एका माणसाला सांगितलं होतं. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. ते आमच्या ऑफिसात अरबी आणि इंग्रजी पत्रांची भाषांतरं करत. मूळचे दक्षिण इराकचे, वय साठीच्या पुढे, बायको वारलेली, मुलगा परदेशी. वडिलांचा मुंबईशी खजुराचा व्यापार होता, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी त्यांना येत असे. त्यांच्या गावाशेजारी एका जुन्या नगराची टेकाडं होती. सुमेर म्हणून जो प्राचीन देश होता, त्यातलं ते नगर. तरुणपणी उत्खनन करणाऱ्यांच्या हाताखाली काम करता करता ते मातीच्या विटांवरची ती खिळ्यांसारखी लिपी वाचायला शिकले आणि मग आयुष्यभर त्यातल्या प्रार्थनांचं अरबी भाषांतर करत बसले. वर मूळ खुणांची ओळ, खाली अरबी अर्थ, अशी त्यांची वही होती. पण आता हात कापायचा, खुणा नीट उमटायच्या नाहीत. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मुहंदिस, तुम्हारा हाथ हमको दो." मला कोणी मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, म्हटलं की मी विरघळायचोच.

मग ऑफिस सुटल्यावर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानीपर्यंत आमची बैठक बसायची. ते पेन्सिलीने कच्चं काढून देत, मी खुणा आणि खालचं अरबी ट्रेसिंग कागदावर शाईने पक्कं करी आणि ते प्रत्येक ओळीचा अर्थ सांगत. मला वाटलं होतं, चार हजार वर्षांपूर्वीची माणसं देवाकडे काहीतरी भलतंच मागत असतील. तर तेच आपलं: पोर आजारी आहे, शेजारी वैर धरून आहे, नगरावर संकट आलं आहे. एकच ओळ पुन्हा पुन्हा यायची, फक्त तिच्यातलं एखादं नाव बदलायचं. रागावलेल्या देवाचं मन शांत व्हावं म्हणून पुजारी लोकांच्या वतीने ढोलावर रडगाणं म्हणत. ज्याला देवळात रोज उभं राहणं जमत नसे, तो आपली हात जोडलेली दगडी मूर्ती तिथे ठेवून येई, म्हणजे त्याच्या जागी ती प्रार्थना करत राही. आणि प्रत्येक माणसाचा एक आपला असा लहान देव असे. तो माणसाचा हात धरून त्याला मोठ्या देवापुढे नेई. मोठ्या साहेबाकडे जाताना ओळखीचा हेडक्लार्क बरोबर असावा, तसं काहीसं.

मी त्यांना आमचं गाऱ्हाणं म्हणून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला ते तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी 'व्हय म्हाराजा' त्यांनी म्हटलं, अगदी आमच्या गावकऱ्यासारखं मान हलवून. "तुम्हारा पुजारी, उधर का पुजारी, एक ही मदरसे में पढ़ा," असं म्हणून ते खूप हसले. ते स्वतः पाच वेळचे नमाजी. या जुन्या देवांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण ज्यांनी त्यांना हाका मारल्या त्या माणसांबद्दल त्यांना फार माया होती. माझ्या अवजारपेटीच्या झाकणात आतून ग्रामदेवतेचा लहानसा फोटो चिकटवलेला होता; तिथे तो उघडपणे ठेवायला बंदी होती. परकं कोणी आत आलं की उस्ताद बोलणं न थांबवता झाकण हळूच भिंतीकडे वळवून ठेवत.

आता माझ्या सवयीबद्दल सांगायला हवं. ड्राफ्ट्समनने काढलेल्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते आणि तीत ज्याने काढला त्याची आद्याक्षरं असतात. हाताला वळणच पडलेलं असतं. त्या प्रार्थनांच्या कागदांवरही मी न विचारता चौकट आखली आणि माझी अक्षरं टाकली. चूक लक्षात आल्यावर मी ओशाळलो, पण उस्ताद खूश झाले. ते म्हणाले, विटांवर लिहिणारेही शेवटी अमक्याच्या हातचं म्हणून लिहून ठेवत, तूही ठेव. असे बघता बघता तीसेक कागद झाले. प्रत्येकावर माझी अक्षरं.

ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि ऑफिसातली हवा बदलली. उस्तादांबरोबर चहा प्यायला कोणी बसेना. त्यांच्याशी वाईट कोणी वागलं नाही, फक्त सगळ्यांना एकदम खूप काम आलं. मलाही आलं. आधी मी शुक्रवारच्या सुट्टीतली बैठक टाळली, मग रोजची. जानेवारीत लढाई सुरू झाली. आम्हाला गॅसचे मुखवटे वाटले गेले, विमानं डोक्यावरून उत्तरेकडे जायला लागली. आवाज आला की उस्ताद खुर्चीतून अर्धे उठत आणि खिडकीतून वर बघत राहत. ती विमानं त्यांच्या टेकाडांकडे, त्यांच्या बहिणीच्या घराकडे निघाली आहेत हे मला कळत होतं. मी माझ्या नकाशावर मान खाली घालून बसायचो.

अशात एका सकाळी कुजबुज ऐकू आली की सुरक्षेचे लोक येणार आहेत, इराकी माणसाच्या कपाटात सांकेतिक खुणांचे कागद आहेत अशी कोणीतरी तक्रार केली आहे. त्या प्रत्येक कागदावर माझी अक्षरं होती. त्या वेळी मी काय करायला हवं होतं हे कोणालाही कळेल. उस्तादांना जाऊन सांगायचं होतं. मी तसं केलं नाही. ते दुपारच्या नमाजाला गेल्यावर त्यांच्या कपाटातून कागद काढले आणि अर्ध्या ब्लेडने एकेका कागदावरची माझी अक्षरं खरवडून काढली. ट्रेसिंगवरची शाई खरवडणं आमच्या धंद्यात रोजचंच, त्यामुळे हात झरझर चालला. शेजारच्या खोलीतून त्यांच्या नमाजाचा आवाज येत होता आणि मी तो संपायच्या आत उरकायच्या घाईत होतो. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

संध्याकाळी अधिकारी आला. कपाट उघडलं गेलं. कागद बघून त्याने पहिली गोष्ट हेरली ती खरवडलेले कोपरे. त्याने उस्तादांना विचारलं, "हे कोणी काढलं?" मी तीन पावलांवर उभा होतो. ऑफिसात शाईचं इतकं बारीक काम करणारा मी एकटाच, म्हणून त्याने मलाही विचारलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही." उस्तादांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते म्हणाले, "मी काढलं." अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. त्यांनी एक खूण काढायचा प्रयत्न केला, पण रेघ थरथरत कुठच्या कुठे गेली. मग अधिकारी म्हणाला की या जुन्या प्रार्थना असतील तर दुसऱ्या माणसाचं नाव लपवायचं कारण काय? सुरक्षेचे लोक उस्तादांना आणि ते कागद घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बातमी आली की त्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द होणार आणि नाव सांगितलं नाही तर त्यांना सरहद्दीपलीकडे सोडणार. सरहद्दीपलीकडे तेव्हा बाँब पडत होते.

दोन दिवस मी जेवलो नाही, झोपलो नाही, आणि कोणाला काही सांगितलंही नाही. मनाला समजावत होतो की ज्याच्या हमीवर आपण इथे आहोत तो आपला कफील भला नाही, घरी बायको आणि दोन लहान मुली आहेत, आपणही आत गेलो तर त्यांचं काय. हे सगळं खरं होतं. पण खऱ्या गोष्टी पुढे करून मी खोटेपणाच झाकत होतो हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला सायरन झाला. आम्ही सगळे मेसच्या हॉलमध्ये जमलो. काचांवर चिकटपट्ट्या लावलेल्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल. मुखवटा तोंडावर चढवायच्या आधी मी कोपऱ्यात जाऊन बसलो आणि मला वाटलं, आता देवाला सांगावं. गुरव नाही, तर आपणच आपलं गाऱ्हाणं घालावं. 'बा देवा म्हाराजा' इतकं पुटपुटलो. पुढे नाव घ्यायचं. हो तुझो लेकरू, अमक्याचो अमको. आणि तिथे माझी जीभ अडली. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. ज्या नावावर मी ब्लेड फिरवलं होतं ते नाव कोणत्या तोंडाने देवापुढे घेणार? चार हजार वर्षांपूर्वीचा तो मातीवर लिहिणारासुद्धा आपल्या हातचं म्हणून सांगत होता. मी तिसऱ्यांदा हाक मारली आणि गप्प झालो.

"व्हय म्हाराजा," शेजारून कोणीतरी हळूच म्हणालं.

मी दचकलो. बाजूला एक बसड्रायव्हर बसला होता. चाळिशीचा, दाढी राखलेली, मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मी रत्नागिरीकडचा. शिमग्यात पालखी आमच्या दारात येते, तवा आमच्या अंगनात गाऱ्हाना होतो. पन तुमी नाव नाय घेतलात. नावाबिगर कसा पोचनार?" इतकं साधं बोलला तो. आणि मी, जो तीन दिवस कोणाशी बोललो नव्हतो, मुखवटा मांडीवर तसाच ठेवून त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून बसलो. ब्लेडचंही सांगितलं. त्याने मला दोष दिला नाही की धीरही दिला नाही. ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर म्हणाला, "चला मग. त्या ठान्यावर सोडतो तुमाला. माजी गाडी सकाळपासून बंद पडलेय म्हनून मी हितं अडकलोय, बघू लागते का." गाडी पहिल्या झटक्यात लागली. तो म्हणाला, बॅटरी उन्हाने गरम झाली असेल. मीही तसंच म्हणतो.

वाटेत ऑफिसात उतरून मी माझा एक जुना नकाशा बरोबर घेतला. ठाण्यात तोच अधिकारी होता. मी उभ्या उभ्या सांगितलं, "ते कागद मी काढले. त्यांवरचं नाव माझं होतं." त्याने उस्तादांचे कागद मागवले. मी त्याला म्हणालो, खिडकीशी धरा. ट्रेसिंगवरची शाई कितीही खरवडली तरी पेनाचा दाब राहतो. उजेडात धरलं की पुसटशी रेघ दिसते. हे मला धंद्यातल्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं, आणि तरी त्या दुपारी मी लपलो असं समजलो होतो. त्याने एकेक कागद उजेडात धरला. प्रत्येक कोपऱ्यात माझी अक्षरं होती. त्याने ती माझ्या नकाशावरच्या अक्षरांशी ताडून पाहिली, मग मला कोरा कागद देऊन खुणा काढायला सांगितल्या. मी दोन ओळी काढल्या. हात अजिबात कापला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

त्यानंतर त्याने पहिल्यांदा कागदावरचं अरबी नीट वाचलं. एक माणूस देवाला विनवतो आहे की रागावला असशील तर बोल, पण माझ्याकडे पाठ करू नकोस, अशा अर्थाचं काही त्या पानावर होतं. अधिकारी पान संपेपर्यंत वाचत राहिला. मग त्याने विचारलं, "खरवडलंस का?"

"घाबरून," मी म्हणालो.

"खरवडलं नसतंस तर मी हे त्याच दिवशी कपाटात परत ठेवलं असतं," तो म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. मला ओरडा मिळेल, कोठडी मिळेल, अशी तयारी करून गेलो होतो. हे एक वाक्य ऐकायची तयारी नव्हती. त्याने माझी सही घेतली, इकाम्याचा नंबर उतरवून घेतला आणि म्हणाला, "खलास. जा." बाहेर आलो तर ड्रायव्हर नव्हता. रस्त्याने लष्करी गाड्यांची रांग चालली होती, तिने त्याला पुढे हाकललं असणार. नंतर मी कॅम्पात पुष्कळ चौकशी केली. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणच्या बस आमच्याकडे अडकल्या होत्या, तो कुठला हे कोणालाच सांगता आलं नाही. इतकं झालं आणि मी त्याचं नाव विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी उस्ताद सुटून आले. अंगावर तोच कोट, फक्त दाढी वाढलेली. मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि दारातच मला रडू कोसळलं. त्यांनी मला आत बसवलं, चहा केला आणि माझं रडणं आटोपेपर्यंत कपात साखर ढवळत राहिले. मग मला कळलं की त्या दुपारी नमाजाहून परतल्यावर त्यांनी कपाट उघडलं होतं. कोपरे त्यांनी अधिकाऱ्याच्या आधी पाहिले होते. सगळं समजूनच ते "मी काढलं" म्हणाले होते.

मी विचारलं, "मग माझं नाव का सांगितलं नाहीत?"

ते म्हणाले, "तुम्हारा नाम है. तुम बोलेगा. हम बोलेगा तो चुगली."

"मी येऊन सांगेन असा तुम्हाला भरवसा होता?"

माझं मन राखायला खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "नहीं," ते म्हणाले. "इतना भरोसा नहीं था. दुआ किया था. पाँचों वक्त. तुम्हारा नाम लेके."

मी म्हणालो, "स्वतःसाठी करायची ना."

"हम तो अंदर था, ठीक था. बाहर तुम अकेला था."

इतके दिवस मला वाटत होतं की सायरनच्या वेळी मारलेली माझी हाक देवाने ऐकली आणि तो ड्रायव्हर पाठवला. पण माझं गाऱ्हाणं तर नावाशीच अडलेलं होतं. ते घेण्याची माझी लायकी उरली नव्हती, आणि ज्याला मी टाकलं तो माणूस कोठडीत पाच वेळा ते नाव घेत होता. उस्तादांना त्यांच्या मुलाने पुढच्या वर्षी आपल्याकडे नेलं. काही पत्रं आली, मग थांबली.

गावात ही गोष्ट मी कधीतरी सांगितली होती. लोकांनी माझं कौतुक केलं, की लढाईच्या काळात ठाण्यात जाऊन एका निरपराध माणसाला सोडवून आणलं. ब्लेडचा भाग मी गाळला होता. कौतुक बरीच वर्षं ऐकून घेतलं. आता वय झालं आहे, आणि ज्याने मागितलेलं मला मिळालं त्याचा वाटा आपल्या नावावर ठेवून मरावं असं वाटत नाही. त्या तीन दिवसांत मी काहीही मिळवलं नाही. मला हाताला धरून नेलं गेलं, तेही मी हात सोडलेला असताना. देवाने त्या वेळी मला पुरतं लाजवलं आणि त्याबद्दल मी रोज त्याला हात जोडतो.